घेतला कशासाठी, ठेवला कशासाठी : प्रकल्प नोंदी

12 जून 2025, लातूर

आजपासून हे लिहून ठेवायचं. माझ्या आणि धाकट्या भावाच्या डीमॅट खात्यात एप्रिल 2020 ते मार्च 2025 या पाच वर्षांत जेवढ्या खरेद्या झाल्या, त्यातली प्रत्येक उघडून बघायची. शेअर का घेतला, का ठेवला, का विकला, एवढे तीनच प्रश्न.

भाऊ वाळूजला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो टेक्निकलवाला. दुसरी पाळी असली की सकाळी चार्ट बघणार, मागच्या काही दिवसांच्या सरासरी भावाच्या रेषा ओढणार, ब्रेकआउट आला, म्हणजे भाव अडलेल्या पातळीच्या वर निघाला, की घेणार. मी करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते, दिवसभर ताळेबंदच बघते, म्हणून मी फंडामेंटलवाली, कंपनीचा धंदा बघून घेणारी. पाच वर्षं आमचं फोनवर हेच भांडण चाललंय, आणि आमच्यासारखं भांडणारी घरं लातुरात कमी नाहीत, हे मला रिटर्न भरताना दिसतं.

निमित्त असं झालं. मागच्या रविवारी तो म्हणाला, "ताई, तो शेअर मी आता लाँग टर्मसाठी ठेवलाय." मी विचारलं, कंपनी काय बनवते? त्याने "थांब, बघून सांगतो" म्हटलं. ब्रेकआउटवर घेतलेला तो शेअर चाळीस टक्के खाली आला होता. रात्री मी माझं खातं उघडलं, तर माझ्याही काही विक्र्यांचं कारण मला धड सांगता येईना. म्हणून हे काम.

15 जून

कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे व्यवहाराच्या ब्रोकरकडून येणाऱ्या पावत्या, ईमेलमधून काढायला पूर्ण रविवार गेला. प्रत्येक पीडीएफला पॅन नंबरचा पासवर्ड. दोघांच्या मिळून 58 खरेद्या निघाल्या. एक्सेलमध्ये रकाने केले: तारीख, भाव, नग, घेण्याचं कारण, विक्रीची तारीख, विकण्याचं कारण. पहिले तीन रकाने नोटांवरून भरता येतात. कारणांसाठी आमचे जुने व्हॉट्सॲप मेसेज शोधावे लागणार, आठवणीवर मुळीच भरायचं नाही. निकाल माहीत झाल्यावर माणसाला आपलं कारण फार शहाणपणाचं होतं असं वाटायला लागतं.

21 जून

एका शेअरची नोट 1,480 रुपयांची, आणि चार्टवर त्या दिवशीचा भाव 740. दीड तास चूक शोधत होते. मग लक्षात आलं, मधे एकास एक बोनस होऊन गेलाय, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट मिळालाय, आणि चार्ट मागचे सगळे भाव त्याप्रमाणे कमी करून दाखवतो. स्प्लिटचंही, म्हणजे एका शेअरचे तुकडे होतात त्याचंही, तसंच. दहाची दर्शनी किंमत दोनवर आली की जुना भाव पाचाने भागलेला दिसतो.

आयकरात हिशेब वेगळाच: मूळ शेअरची किंमत पूर्ण धरायची, बोनस शेअरची शून्य, आणि डीमॅटमध्ये जो आधी आला तो आधी विकला असं मानायचं. त्यात यंदाच्या रिटर्नला आणखी एक भानगड आहे. 23 जुलै 2024 च्या आधीच्या विक्रीवर अल्प मुदतीच्या नफ्याला 15 टक्के कर, त्या दिवसापासूनच्या विक्रीवर 20 टक्के. म्हणून विक्रीची तारीख तंतोतंत हवी.

भावाला फोन करून सांगितलं की तुझ्या जुन्या वहीतले सपोर्ट-रेझिस्टन्सचे, म्हणजे भाव खाली-वर जिथे अडतो ते, आकडे बोनसनंतर तसेच वापरू नकोस. तो गप्प झाला. एका शेअरचा स्टॉपलॉस, म्हणजे ज्या भावाखाली गेला की विकायचा तो आकडा, त्याने जुन्याच आकड्यावर धरला होता.

8 जुलै

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नवा अभ्यास काल आला. 2024-25 मध्ये इक्विटी डेरिव्हेटिव्हजमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या भावावरचे मुदतीचे सौदे) व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी सुमारे 91 टक्क्यांना तोटा झाला, आणि निव्वळ तोटा मिळून 1 लाख 5 हजार कोटींच्या वर. ऑफिसात सगळे हेच बोलत होते. साहेब मला म्हणाले, "बघा, चार्ट बघणाऱ्यांचं हे असं होतं."

मला ते पटलं नाही, आणि मी फंडामेंटलची असूनही हे इथे लिहून ठेवते. तो अभ्यास फ्युचर्स-ऑप्शन्सचा आहे. तिथे उसनं बळ वापरून मोठा सौदा केला जातो, मुदत संपली की ऑप्शनही संपतो, आणि खर्च दर फेरीला लागतो. चार्ट बघून डिलिव्हरीत, म्हणजे पूर्ण पैसे भरून खात्यात, शेअर घेणारा माझा भाऊ त्या आकड्यात नाही. आम्हा दोघांपैकी कुणीही ऑप्शनला हात लावलेला नाही. या प्रकल्पात तो विषय घ्यायचा नाही.

खर्च मात्र धरायचा. डिलिव्हरीत घेताना 0.1 टक्का आणि विकताना 0.1 टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), म्हणजे पन्नास हजारांच्या एका फेरीला शंभर रुपये. वर स्टॅम्प ड्युटी, डीपीचे (डीमॅट खातं सांभाळणाऱ्याचे) पैसे, आणि नफा झाला तर कर. वर्षाला एकदा फिरणाऱ्याला ते जाणवत नाही, महिन्याला फिरणाऱ्याला जाणवतं.

13 जुलै

आज माझ्याच एका खरेदीवर अडकले. पोलादाची कंपनी, घेतली एप्रिल 2022 मध्ये. माझा मेसेज सापडला: "पीई फक्त 5 आहे. एवढा स्वस्त शेअर पुन्हा मिळणार नाही." भाव 300, प्रतिशेअर कमाई 60, म्हणजे भाव कमाईच्या पाचपट, तोच पीई. गणित बरोबर होतं.

वर्षभराने कमाई 15 वर आली आणि भाव 210 वर. म्हणजे भाव पडला, तरी पीई 5 चा 14 झाला! स्वस्त म्हणून घेतलेला शेअर पडून महाग झाला. मी तेव्हा बाजाराला दोष दिला. मे 2022 मध्ये सरकारने पोलादाच्या निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावलं होतं, ते नोव्हेंबरात काढलं. पण शुल्क नसतं तरी माझी चूक चूकच होती. सळईचे भाव जेव्हा कडाडलेले होते, त्या वर्षाची कमाई मी कायमची धरली.

जालन्याला ज्यांची रोलिंग मिलशी ओळख आहे, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. पोलाद, साखर, रसायनं अशा धंद्यांत पीई सगळ्यात कमी दिसतो तो भाव शिखरावर असताना, आणि सगळ्यात जास्त किंवा उणे दिसतो तो धंदा तळाला असताना. अशा कंपनीची सात-आठ वर्षांची सरासरी कमाई धरून मग भाव बघायला पाहिजे. मी एका वर्षाचा आकडा धरला. म्हणजे दहा हजारांच्या भावाने सोयाबीन विकलं गेलं त्या वर्षाचं उत्पन्न धरून जमिनीची किंमत ठरवण्यासारखं झालं ते.

भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तेव्हा चार्ट तर उतरायला लागलाच होता." होता. हेही लिहिते.

29 जुलै

नागपंचमी. काम नाही झालं. 33 खरेद्यांची कारणं भरून झाली.

10 ऑगस्ट

काल राखीपौर्णिमेला भाऊ आला, आज दुपारच्या गाडीने गेला. या दोन दिवसांत सगळ्यात जास्त काम झालं.

त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. त्याने घेतलेल्या शेअरचा चार्ट लावला आणि स्क्रीनच्या उजव्या भागावर एक जाड लग्नपत्रिका धरली, म्हणजे पुढचं काही दिसू नये. पत्रिका एकेक बोट सरकवायची आणि त्याने मोठ्याने सांगायचं: घेणार, विकणार की थांबणार. मी वहीत लिहीत होते.

पहिल्यांदा तो हसत होता. भाव तीनदा एकाच पातळीला अडून चौथ्यांदा वर निघतो, हा त्याचा लाडका आकार. "हा बघ ब्रेकआउट, घ्यायचा!" मी पत्रिका सरकवली. भाव पाच दिवस वर गेला आणि परत खाली आला. पुढे पुन्हा तसाच आकार आला, पुन्हा घ्यायचा, पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी मात्र भाव सुटला तो सुटलाच. त्याला इतकी वर्षं फक्त ती चौथी वेळ आठवत होती. पूर्ण चार्ट उघडा असला की नजर थेट त्या मोठ्या उडीवर जाते, आधीच्या तीन फसलेल्या वेळा बारीक खरचटल्यासारख्या दिसतात.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानेच हिशेब मांडला: तीनदा स्टॉपलॉस पाळून पाच-पाच टक्के गेले असते, चौथ्यांदा चाळीस मिळाले असते. म्हणजे पद्धत वाईट नाही. पण त्या तीन वेळा सोडलंच पाहिजे, तरच. एकदा जरी धरून बसला आणि वीस टक्के गेले, तर मुद्दलावर यायला पंचवीस लागतात. पन्नास गेले तर शंभर लागतात. मला त्याचं हे बोलणं फार आवडलं. चार्टची बाजू इतकी नीट त्याने कधी मांडली नव्हती.

आरएसआयचंही तपासलं. वेल्स वायल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेला, भावाच्या चढ-उताराचा जोर 0 ते 100 मध्ये सांगणारा, 14 दिवसांचा आकडा. 70 च्या वर गेला की भाऊ विकून मोकळा व्हायचा. पत्रिकेच्या खेळात दिसलं की जोराच्या तेजीत तो आठवडे न् आठवडे सत्तरच्या आसपास राहतो. त्याचे दोन सगळ्यात चांगले शेअर त्याने असेच लवकर सोडले.

आमचे आप्पा सोफ्यावरून बघत होते. त्यांनी अडत दुकानात मुनीम म्हणून चौतीस वर्षं काढली. भावाने त्यांना कँडल समजावून सांगितली: उघडला कुठे, बंद झाला कुठे, वरचा भाव, खालचा भाव. जपानमधल्या तांदळाच्या व्यापाऱ्यांपासून ही रीत आली असं मानतात, हेही सांगितलं. ओसाकाला दोजिमा म्हणून तांदळाचा बाजार होता आणि तिथे 1730 पासून वायद्याला सरकारी मान्यता होती. आप्पा उठून आत गेले आणि खिशात मावेल अशी एक जुनी डायरी घेऊन आले. प्रत्येक पानावर तारीख, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. तूर, हरभरा, सोयाबीन. निळ्या शाईत, दिवसाला एक ओळ.

"मंग हे काय येगळं हाय?" ते म्हणाले.

भावाने ती डायरी हातात घेऊन दहा मिनिटं पानं उलटली.

24 ऑगस्ट

दोन्ही पद्धती कुठे उघड्या पडतात, त्याचं एकेक उदाहरण सर्वांना माहीत असलेल्या घटनांतून घ्यायचं ठरलं होतं. भावाने माझ्या पद्धतीवर आणायचं, मी त्याच्या.

त्याने सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी आणली. 7 जानेवारी 2009 ला अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. मी तो ताळेबंद शंभर वेळा वाचला असता तरी मला काय कळलं असतं? ऑडिटरची सही होती. शेअर मात्र डिसेंबर 2008 च्या मध्यालाच, अध्यक्षांच्याच घरच्या कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव आल्याबरोबर, जोरात पडला होता. कबुलीच्या तीन आठवडे आधी. भाव बघणाऱ्याला बाहेर पडायला वेळ होता.

मी मार्च 2020 आणलं. 23 मार्चला निफ्टी (पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) एका दिवसात सुमारे 13 टक्के पडून 7,610 ला बंद झाला. सगळे सपोर्ट तुटलेले, सगळ्या सरासऱ्या वर राहिलेल्या. नियम पाळणारा बाहेर पडला, तिथवर ठीक. पण 200 दिवसांची सरासरी ओलांडल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम असेल, तर तो परत येईपर्यंत बाजार बराच वर निघून गेला होता. त्या वर्षाअखेर निफ्टी 13,981 वर होता. कर्ज नसलेल्या चांगल्या कंपन्या त्या मार्चमध्ये ज्या भावात मिळाल्या, त्या भावात घ्यायला चार्टने कुणालाच सांगितलं नाही.

शेवटी त्याने चितेगावचा विषय काढला. पैठण रस्त्याला ज्या व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना, तिच्या शेअरमध्ये आमचं कुणाचंच काही नव्हतं, पण संभाजीनगरात ते नाव घरोघरचं. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि जून 2021 मध्ये जी योजना मंजूर झाली तिच्यात शेअरधारकांच्या वाट्याला शून्य आलं. तो म्हणाला, "दहा रुपयाला आलाय, आता आणखी किती पडणार, असं लोक म्हणतात. दहावरून शून्यावर जाणं हे शंभर टक्केच असतं, ताई." कर्जबाजारी कंपनीत कर्ज देणारे आधी, मालक म्हणजे शेअरवाले सगळ्यात शेवटी. हे ताळेबंदाचं शहाणपण तो मला सांगत होता. आमच्या जागा बदलल्यासारखं वाटलं.

7 सप्टेंबर

ऑफिसात रात्री दहापर्यंत काम. नोंद नाही.

28 सप्टेंबर

गेले आठ-दहा दिवस पावसाने थैमान घातलंय. मांजरा, तेरणा, सीना, गोदावरी सगळ्या नद्यांना पूर आहे, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं आहे. आमच्या वाट्याने दिलेल्या शेतातही गुडघाभर पाणी. वाटेकऱ्याचा फोन आला की आप्पा बाहेर जाऊन बोलतात, आणि आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलत नाहीत. या आठवड्यात एक्सेल उघडायची इच्छा झाली नाही.

5 ऑक्टोबर

58 पूर्ण. निकाल लिहिते.

नऊ खरेद्यांचं कुठलंच कारण सापडलं नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून घेतलेल्या. त्या बाजूला.

उरल्या 49. त्यातल्या 31 चार्टवर घेतलेल्या, जवळजवळ सगळ्या भावाच्या. 18 ताळेबंद बघून घेतलेल्या, जवळजवळ सगळ्या माझ्या. मला वाटलं होतं आता कोण जिंकलं ते कळेल. ते कळलंच नाही, कारण आकडे त्या रेषेवर फाटत नाहीत. ते दुसऱ्याच ठिकाणी फाटतात.

चार्टवरच्या 31 पैकी 20 त्याने नियमाप्रमाणे सोडल्या. त्यात तोट्याच्या जास्त, पण प्रत्येक तोटा बारीक, आणि सगळं मिळून थोडा नफा. बाकी 11 मध्ये भाव पडल्यावर स्टॉपलॉस काढून टाकला आणि मेसेजमध्ये नवीनच भाषा आली: "कंपनी चांगली आहे", "सेक्टरला भविष्य आहे", "ॲव्हरेज करतो" (म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेतो). त्या 11 मध्ये त्याच्या एकूण तोट्याचा निम्म्याहून मोठा भाग आहे.

माझ्या 18 पैकी 12 नीट. पोलादवाली त्या बारांतच आहे. ती चूक होती, पण माझ्याच पद्धतीतली चूक होती, आणि कमाई घसरल्यावर मी विकली. उरलेल्या 6 मी घाबरून विकल्या. एक बियाण्याची कंपनी त्यातलीच. ऑक्टोबर 2024 पासून फेब्रुवारी 2025 पर्यंत निफ्टी सलग पाच महिने घसरला, आणि फेब्रुवारीत भावाने मला 200 दिवसांची रेषा तुटलेली दाखवली. तिमाही निकाल चांगला होता, कर्ज नव्हतं, धंद्याचा पैसा नीट वसूल होत होता. म्हणजे ज्या कारणाने घेतली त्यातलं काहीही बदललेलं नव्हतं. मी ताळेबंदावर घेतली आणि चार्टवर विकली.

म्हणजे 49 पैकी 17 ठिकाणी मधेच कारण बदललं. तोट्याचा मुख्य ढीग तिथे आहे.

याचं कारण मला आता दिसायला लागलंय. चार्टवाल्याच्या दृष्टीने भाव पडला हाच तो चुकल्याचा पुरावा. ताळेबंदवाल्याच्या दृष्टीने भाव पडला म्हणजे तीच वस्तू स्वस्त झाली, आणि चुकल्याचा पुरावा धंद्यात शोधायचा: विक्री, नफा, येणं, कर्ज, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, तारण ठेवलेले शेअर. एकाच घटनेचा अर्थ दोघांसाठी अगदी उलटा. पद्धत मधेच बदलली की आपण चुकलोय हे सांगणारं कुणी उरतच नाही.

आणखी एक. ताळेबंदवाल्याला धंद्याची खबर वर्षातून चारदाच येते. तिमाही संपली की निकालाला 45 दिवस, वार्षिक निकालाला 60. मधल्या काळात समोर फक्त भाव असतो, रोज, दर मिनिटाला. मी सहाही वेळा त्याच मधल्या काळात विकलं.

12 ऑक्टोबर

आप्पांना निकाल वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग 2021 ची गोष्ट सांगितली.

त्या वर्षी पावसाळ्यात लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. ऑगस्टमध्ये सरकारने 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पुढे नवा माल यायला लागला, आणि ऑक्टोबरपर्यंत भाव जवळजवळ अर्ध्यावर. डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही बंद झाले.

"एक यापारी व्हता," आप्पा म्हणाले. "सकाळी घ्यायचा, सांच्याला मिलला द्यायचा. क्विंटलमागं पन्नास-शंभर सुटले की बास. त्या सालात एक डाव भाव पडला आन् त्यानं माल इकला न्हाई. म्हनला, आता साठाच करतो, दहा हजार पुन्ना येतीलच. त्येचं गोडाऊन भाड्याचं, पैसा याजाचा. साठा करनाऱ्याचं गनितच येगळं असतंय. त्यो पेरा किती झालाय ते बघतो, पेंड कुठं जाणार ते बघतो, वरीसभर दम काढायची सोय करूनच माल घेतो. ह्येच्याकडं त्यातलं काय व्हतं?"

मी विचारलं, मग काय केलं त्याने?

"दोन वर्सांनी इकला. पाच हजाराच्या आत." थोडं थांबून म्हणाले, "रोजच्या मालाला गोडाऊन दाखवायचं नसतंय."

भावाला फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं. त्याने त्याच्या 11 शेअरच्या यादीवर वर "गोडाऊन" असं नाव टाकलं आणि मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "यातल्या कोणत्या कंपन्या तू ताळेबंद बघून आज या भावाला घेशील ते सांग. बाकी मी सोमवारी काढतो."

11 पैकी मी 2 सांगितल्या.

21 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

यंदा मुहूर्ताचं ट्रेडिंग, म्हणजे दिवाळीचे तासाभराचे सौदे, दुपारी होतं. आप्पांनी सवयीप्रमाणे नवीन वही आणली, पहिल्या पानावर स्वस्तिक काढलं. ती वही मी या कामासाठी मागून घेतली. एक्सेल राहीलच, पण कारण हाताने लिहायचं असं आम्ही ठरवलंय. चार रकाने: तारीख आणि भाव, चार्ट की ताळेबंद (दोन्हींपैकी एकच), घेण्याचं कारण, आणि चुकलो हे कशावरून कळेल. शेवटचा रकाना खरेदीच्या आधी भरायचा. चार्ट लिहिलं असेल तर त्यात भावच यायला पाहिजे. ताळेबंद लिहिलं असेल तर त्यात भाव येताच कामा नये.

भावाने व्हिडिओ कॉलवरून पहिली ओळ सांगितली, मी लिहिली. वाहनाच्या सुट्या भागांची कंपनी, चार्ट, 50 दिवसांची सरासरी ओलांडून तीन आठवड्यांच्या वरच्या भावाबाहेर बंद. चुकलो कशावरून: अमुक भावाखाली बंद झाला तर दुसऱ्या दिवशी विक्री. आकडाही दिला. मुहूर्ताला त्याने दहा नग घेतले.

मी एका पंपाच्या कंपनीचं बोलले. कारण भरलं: कर्ज नाही, पाच वर्षांत नफ्याएवढा पैसा खरोखर हातात आलाय, सात वर्षांच्या सरासरी कमाईवर भाव माफक. चौथ्या रकान्यात "नफा कमी झाला तर" असं लिहायला गेले. भावाने पलीकडून विचारलं, "किती कमी? एका तिमाहीत की वर्षात? पाऊस जास्त झाला आणि पंप कमी खपले, तर तू चुकलीस का?"

मला उत्तर देता आलं नाही. मुहूर्ताचा तास संपला.

2 नोव्हेंबर

भावाचा शेअर गुरुवारी त्याच्या आकड्याखाली बंद झाला. शुक्रवारी सकाळी पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने विकला आणि वहीत लिहायला मला मेसेज केला. तोटा 310 रुपये. मी तारखेसकट लिहिला.

पंपाच्या कंपनीचा सप्टेंबर तिमाहीचा निकाल अजून यायचाय. मागचे आठ वार्षिक अहवाल काढून, ओल्या आणि कोरड्या वर्षांत तिची विक्री कशी राहिली ते वेगळं मांडतेय. पाच वर्षं झाली, तीन बाकी आहेत. चौथा रकाना मोकळाच आहे, आणि शेअर घेतलेला नाही.